रंगमहाल ते 'स्वयम्'

चांदवडच्या रंगमहालाशी आपण अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडतो. तो उभारणारे सुतार, गवंडी, चितारी आपल्या इतिहासलेखनात क्वचितच येतात. त्यांची विद्या एकमेकांच्या हाताखाली, काम करता करताच मुरत असे. 1854 साली पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला तो बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरवण्यासाठी. विद्या वर्गात आली, आणि तिच्यामागोमाग एकट्याने द्यायची परीक्षाही. (कवितेच्या रसग्रहणालाही आम्ही हीच शिक्षा फर्मावली आहे!)

त्याच वर्गातून वाढलेल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला 'स्वयम्' हा उपग्रह 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34ने अवकाशात नेला. दहा सेंटिमीटर बाजूचा ठोकळा, वजन सुमारे एक किलो. इतक्या अल्प जागेत बॅटरीवाल्याने चार ग्रॅम वाढवले की रेडिओवाल्याचे कमी होणार. तेव्हा आराखडा म्हणजे मुळात वाटाघाटच. शिवाय आरंभ करणारे उड्डाणापूर्वीच पदवी घेऊन बाहेर पडलेले. मागून येणाऱ्या अनोळखी मुलाला समजेल असे लिहून ठेवणे हाही मग अभियांत्रिकीचाच भाग ठरतो. आम्हां भाषेच्या लोकांना याचे विशेष वाटावे.

चांदवडच्या नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना 1928ची, त्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय 2004चे. पुणे विद्यापीठाच्या 2019च्या अभ्यासक्रमाने 'प्रकल्पाधारित अध्ययन' पहिल्याच वर्षात आणले. हे पाऊल आम्हांला स्वागतार्ह वाटते; परंतु काम चौघांचे असले तरी गुणपत्रिका अजून एकेकाचीच निघते, आणि तोंडी परीक्षेत प्रश्न येतो, "यातले तुझे काय?"