गंजिफा : हातातील पानांची जुळवणी

अलीकडे घरोघरी नातवंडे मोबाइलवर पत्त्यांचे जे नवे खेळ खेळतात, त्यांतील काहींत पाने पिसून वाटण्याआधीच अर्धा डाव झालेला असतो. कारण कॅट ज्याचा त्याने निवडून बांधायचा असतो. रिचर्ड गार्फिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने 1993 मध्ये ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा छापील पत्त्यांचा खेळ काढला. त्यात खेळाडू किमान 60 पानांचा कॅट स्वतः रचतो. 2014 मध्ये आलेल्या ‘हर्थस्टोन’ या संगणकीय खेळात तो 30 पानांचा असतो. एकेकटी क्षुद्र वाटणारी दोन-तीन पाने एकत्र येऊन डाव उलटवतात, हा त्यातला खरा आनंद. मुले त्याला ‘कॉम्बो’ म्हणतात. हा आनंद आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. गंजिफेत तोच होता; मात्र तेथे कॅट सर्वांचा मिळून एक, आणि जुळवणी वाट्याला आलेल्या पानांतून व स्मरणशक्तीच्या बळावर करायची.

हिंदुस्थानातील गंजिफेचा जुना उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात येतो. 1527 मध्ये त्याने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्या होत्या. पुढे अबुल फझलने ‘ऐन-इ-अकबरी’त अश्वपती, गजपती, नरपती अशा 12 रंगांच्या गंजिफेचे वर्णन केले. रूढ मोगली गंजिफा 8 रंगांची व 96 पानांची. तीच हिंदू घरांत शिरताना दशावतारी झाली : 10 अवतारांचे 10 रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि 1 ते 10 अंकांची पाने, एकूण 120. मत्स्याच्या रंगात मासे, वामनाच्या रंगात कमंडलू, परशुरामाच्या रंगात परशू मोजायचे. पाने वाटोळी, हातात पंख्यासारखी धरायची. चाळीस पाने एकदम धरणे हेच एक कसब होते!

खेळाची रीत मुळात साधी. खेळणारे तिघे, प्रत्येकी 40 पाने, हुकूम नाही. दिवसा ज्याच्याकडे राम असेल त्याची पहिली उतारी, रात्री कृष्ण असेल त्याची. राजाखाली प्रधान, त्यानंतर मात्र गंमत आहे. निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी श्रेष्ठ व एक्का सर्वांत हलका. उरलेल्या निम्म्यांत हा क्रम उलटा, एक्का वरचा आणि दश्शी तळाची. म्हणजे हातात चार एक्के असले तर हर्ष करावा की खेद, हे रंग पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

हातात प्रधान, दश्शी आणि नव्वी आहे, पण त्या रंगाचा राजा दुसऱ्याकडे आहे, असे समजा. तोवर ही तिन्ही पाने बांधलेली. राजा एकदा उतरला की प्रधान मोकळा होतो, मागोमाग दश्शी, मग नव्वी. एका पडलेल्या पानाने तीन हात पिकतात. मधली दश्शी परक्या हातात असेल तर साखळी तेथेच तुटते आणि नव्वी पुन्हा वाट पाहत बसते. म्हणून कोणते पान पडले, कोणते उरले, याची उजळणी दहाही रंगांत सतत मनात चालू ठेवावी लागे. मोबाइल हा हिशेब आपल्यासाठी ठेवतो. गंजिफेत तो ठेवणे हाच खेळ होता. आमच्या मते बुद्धीला ताण देण्यात गंजिफा ब्रिजच्या मागे नाही.

या खेळाचा आपल्या मुलखाशी धागा आहे. सावंतवाडीच्या तिसऱ्या खेमसावंतांच्या दरबारी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तेलंगणातील विद्वानांनी गंजिफा नेली असे परंपरा सांगते. इचोड्याहून हमरस्त्याने दक्षिणेस गेले की लागणारे निर्मल, आज लाकडी खेळण्यांसाठी व चित्रांसाठी ओळखले जाते. तेथील नक्काश गंजिफाही रंगवीत. सावंतवाडीत ही कला 1970 च्या दशकात जवळजवळ संपली होती. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेऊन शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच पुन्हा उभी केली. चिंचोक्याच्या खळीने कागद कडक करणे, घोटणे, रंगविणे, लाख चढविणे ही सारी हातची कामे तेथे टिकली. 2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळाले.

चित्र वाचले, खेळ मात्र वाचला असे म्हणवत नाही. आता गंजिफा बहुधा भेटवस्तू म्हणून घेतली जाते. एखादा मत्स्याचा राजा चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगतात. 119 पानांचा कॅट खेळता येत नाही, हे टांगणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. आणि वरचे-खालचे रंग कोणते, क्रम कोठे उलटतो, हे तर पानावर लिहिलेले नसते. ते खेळणाऱ्याच्या तोंडूनच पुढे जायचे.

इचोडा, बोथ, उटनूर या भागांत जुन्या मराठी घरांच्या फडताळात कोठे वाटोळी रंगीत पाने असतील, तर ती आधी मोजावीत. 96 भरली तर मोगली, 120 भरली तर दशावतारी. कमी भरली तरी वेगळी वाटून घेऊ नयेत. घरात कोणा आजीला वा काकांना उतारीचे नियम आठवत असतील, तर एक्का कोणत्या रंगात वर आणि कोणत्या रंगात खाली, एवढे तरी आजच वहीत उतरवून घ्यावे.