विठा : लेकाचं आणि लेकीचंही नाव



आपल्या गटांच्या हजेरीवहीत ‘विठाबाई’ हे नाव अजून सापडतं, पण ते बहुतेक साठीपुढच्या बायांचं. तरुण पोरींना ते जुनाट वाटतं. म्हणून आज आपण या नावाचा माग काढू.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं गाव. परंपरा सांगते, त्यांचा जन्म १२७० सालचा. त्यांना चार मुलगे होते : नारा, विठा, गोंदा आणि म्हादा. म्हणजे त्या घरात विठा हा लेक. पुढं १९३५ साली पंढरपुरात एक मुलगी जन्मली, तिचंही नाव विठा. तमाशाचा फड गाजवणाऱ्या त्या विठाबाई नारायणगावकर. त्यांच्या नावानं आज सरकार लोककलावंतांना पुरस्कार देतं. नाव एकच, लेकाला चाललं आणि लेकीलाही.

हे नाव आलं विठ्ठलावरून. विटेवर उभा म्हणून विठ्ठल, असं आपण लहानपणापासून ऐकतो. काही अभ्यासक सांगतात, की ‘विष्णू’ या नावाचं कानडी मुलखात ‘बिट्टी’ झालं आणि त्यातून विठ्ठल आला. मूळ कोणतंही धरा, आपल्या लोकांनी त्या नावाला दोन्ही रूपं दिली. ‘बा’ म्हणजे बाप, तो जोडला की विठोबा. आई जोडली की विठाई. वारकरी तर देवालाच माउली म्हणतात. देवाचं नावच असं बापाचं आणि आईचं, मग लेकरांत भेद कशाला?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. नामदेवांच्या घरातल्या बायाही आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत. आई गोणाई, बायको राजाई, बहीण आऊबाई, लेक लिंबाई, सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. त्याच घरातल्या जनाबाई तर स्वतःच अभंगांत ‘नामयाची दासी जनी’ असं नाव घालून गेल्या. सातशे वर्षं ही नावं टिकली, कारण ती अभंगांत आली आणि लोकांच्या तोंडी राहिली. आपल्यातल्या कितीजणींना स्वतःच्या पणजीचं नाव सांगता येईल?

आपल्याकडं लग्नात तांदळात नवं नाव लिहितात आणि माहेरचं नाव मागं पडतं. मग शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पासबुकावर तिसरं, आणि कर्जाच्या वेळी हेलपाटे. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. उलट १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्य सरकारनं ठरवला आहे. आईचं नाव आता कागदावर आलं आहे.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपलं पाळण्यातलं नाव सांगायचं, ते कुणी ठेवलं आणि का, हेही सांगायचं. आई, आजी, पणजीचं नाव आठवत असेल तर तेही. सचिव ताईंनी ते सगळं वहीत लिहून ठेवावं. आणि एखादीचं नाव विठा निघालं, तर तिनं लाजू नये, ठणकावून सांगावं.