धारावी बेट : त्याचें नांव, त्याचा किल्ला व सांप्रतची स्थिति

वसईच्या मोहिमेचे कागद चाळणाराची धारावी या नांवाशीं वारंवार गांठ पडते. वेसावें, धारावी, ठाणें, वसई अशीं नांवें एकामागून एक येतात. आणि वाचणारा मुंबईचा असला तर त्याचें मन लागलीच माहीमच्या खाडीकडे धांवतें. आजमितीस धारावी म्हटलें कीं शीव व माहीम यांमधील दाट वस्ती एवढाच अर्थ सर्वांस ठाऊक आहे. प्रस्तुत लेखाचा हेतु इतकाच कीं, सन १७३७ ते १७३९ च्या मराठी कागदांतील धारावी ती ही नव्हे. साष्टीच्या पश्चिम अंगास मनोरी, गोराई व उत्तन हीं गांवें ज्यावर वसलीं आहेत तें लांबट बेट म्हणजे ती धारावी होय, हें दाखवावें. व त्या अनुषंगानें त्या बेटाची हकीकत एके ठिकाणीं करावी. आमच्या कांदिवलीहून तें खाडीच्या पलीकडे आहे. चारकोपच्या पुढें तिवरांचें रान व मनोरीची खाडी ओलांडली कीं तें लागतें. दर रविवारीं शेंकडों कुटुंबें मुलांबाळांसह तेथील वाळूंत खेळावयास जातात; परंतु आपण धारावीस आलों आहों हें त्यांपैकीं फारच थोड्यांस माहीत असावें.

प्रथम स्थलाचा विचार करूं. हें बेट दक्षिणोत्तर पसरलें आहे. दक्षिणेच्या टोंकास मनोरी. तिच्या समोर खाडीच्या अलीकडच्या तीरावर मार्वें. मध्यें गोराई व कुळवेम. उत्तरेस उत्तन, पाली, डोंगरी, तारोडी व अगदीं टोंकास चौक. पश्चिमेस मोकळा समुद्र, पूर्वेस खाडी, मिठागरें व तिवरें. चौकच्या टेकडीवर उभें राहिलें असतां समोर उल्हास नदीचें मुख व त्यापलीकडे वसईच्या किल्ल्याचा तट दिसतो. हा एकच देखावा ज्यानें डोळ्यांनीं पाहिला आहे, त्यास पुढील प्रमाणांची फारशी गरज पडणार नाहीं. तथापि कागदाचा वाद कागदानेंच मिटवावा हें बरें.

घोंटाळा होण्यास एक विलक्षण योगायोग कारण झाला आहे. मुंबईच्या धारावींतही एक लहानसा किल्ला आहे. त्यास रिवा किल्ला अथवा काळा किल्ला म्हणतात. मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या आज्ञेनें तो १७३७ सालीं बांधिला, असा इंग्रजी शिलालेख त्याच्या भिंतींत आहे. म्हणजे ज्या वर्षीं मराठ्यांनीं ठाणें घेऊन साष्टींत पाय रोंविला, त्याच वर्षीं धारावी नांवाच्या दुसऱ्या एका जागीं इंग्रज आपला किल्ला सजवीत होते. आणि तोही मराठ्यांच्याच भयानें. नांव एक, साल एक, दोहोंकडे किल्ला. मग वाचणारानें फसूं नये तर काय करावें?

परंतु मुंबईची धारावी त्या काळीं इंग्रजांच्या मुलुखांत होती, आणि या मोहिमेंत मराठ्यांचें युद्ध फिरंग्यांशीं होतें, इंग्रजांशीं नव्हतें. इंग्रजांनीं फिरंग्यांस पैशाची व दारूगोळ्याची थोडीबहुत मदत केली हें खरें. पण उघड लढाईंत ते उतरले नाहींत. उलट वसई पडतांच त्यांनीं कॅप्टन इंचबर्ड यास चिमाजी अप्पाकडे धाडून जुलै १७३९ मध्यें तह करून घेतला. चिमाजी अप्पानें मुंबईच्या हद्दींतील एक किल्ला मार्च महिन्यांत जिंकावा, त्याचा इंग्रजी दफ्तरांत बोभाटा होऊं नये, आणि चार महिन्यांनीं स्नेहाचा तह व्हावा, हें संभवत नाहीं. शिवाय वसईस वेढा घालणारास माहीमच्या खाडींतील किल्ल्याचा उपयोग तरी कोणता ? वसईची रसद समुद्रानें येत असे. ती तोडावयाची तर नदीच्या मुखाच्या दोन्ही बाजू हातीं पाहिजेत. उत्तर तीर म्हणजे खुद्द वसई. दक्षिण तीर म्हणजे चौकची टेकडी. कागदांत वेसावें व धारावी यांचा जोडीनें उल्लेख येतो याचेंही मर्म हेंच आहे. साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांच्या तोंडांवर नजर ठेवणारीं हीं दोन ठाणीं होतीं.

मोहिमेचा क्रम थोडक्यांत असा. मार्च १७३७ मध्यें ठाणें व साष्टीचा बहुतेक भाग मराठ्यांनीं घेतला. पण वसई, वेसावें वगैरे किनाऱ्यावरील ठाणीं राहिलीं. पुढील सालीं फिरंग्यांनीं उचल खाऊन ठाण्यावर चाल केली, तींत त्यांचा सेनापति पेद्रो द मेलो मारला गेला. १७३९ च्या आरंभीं चिमाजी अप्पा स्वतः कोंकणांत उतरला. माहीम (हें केळवें-माहीम, येथेंही नांवाचा सांभाळ ठेवावा लागतो), तारापूर व अशेरी हीं एकापाठोपाठ पडलीं. फेब्रुवारींत वेसावें व मार्चांत धारावी मराठ्यांच्या हातीं आली, आणि वसईचें समुद्राकडील दार बंद झालें. वसईचा तह इंग्रजी कागदांत ५ मे चा व फिरंगी कागदांत १६ मे चा सांपडतो, यावरून दोन निरनिराळे प्रसंग मानण्याचें कारण नाहीं. फिरंग्यांनीं नवें पंचांग १५८२ पासून धरलें होतें, इंग्रजांनीं तें १७५२ त धरलें. अकरा दिवसांचा फरक त्यामुळें पडतो. तिथि लावून पाहणारानें हें आधीं ध्यानांत घ्यावें, नाहीं तर सबंध मोहिमेची कालगणना विसकटते.

धारावीपेक्षां साष्टी या नांवाचा गुंता अधिक जुना आहे. शिलाहार छित्तराज याच्या शके ९४८ च्या भांडुप ताम्रपटांत ‘षट्षष्टि विषय’ श्रीस्थानकाच्या अंतर्गत सांगितला आहे. सहासष्ट गांवांचा तो प्रांत. शुद्ध प्राकृत मार्गानें षट्षष्टीचें छासट्ठि व्हावयाचें. साष्टी हें रूप सासष्टी अशा अर्धतत्सम उच्चारांतून आलेलें दिसतें. गोमंतकांतील साष्टीचीही व्युत्पत्ति हीच. दोन्ही प्रांत फिरंग्यांकडे, दोहोंचें नांव एक. म्हणून फिरंगी कागदांत साष्टी आली कीं ती कोणती हें प्रत्येक वेळीं पारखून घ्यावें लागतें. फादर स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण १६१६ त रायतूर येथें छापलें गेलें, तें गोमंतकांतील साष्टीचें. आमच्या साष्टीशीं त्याचा संबंध जोडूं नये.

आमच्या साष्टीचें व धारावी बेटाचें पुराण निराळें आहे, आणि संग्राहकांचें लक्ष मला त्याकडेच विशेष वेधावयाचें आहे. फ्रान्सिश्कु वाझ द गिमरांइश या पाद्र्यानें मुंबई-वसईकडील ख्रिस्ती लोकांच्या मराठी बोलींत ख्रिस्ताच्या मरणाचें पुराण रचलें. तें रोमन लिपींत १६५९ सालीं लिस्बन येथें छापलें गेलें. सतराव्या शतकांतील उत्तर कोंकणची बोली प्रत्यक्ष उच्चारासह दाखविणारा असा दुसरा ग्रंथ दुर्मिळ. देवनागरी वा मोडी लेखक बोलींतील ऱ्हस्वदीर्घ व अनुनासिक आपल्या वळणावर नेतो. परक्या लिपीचा लेखक कानावर पडेल तें लिहितो. म्हणून भाषेच्या इतिहासास या पुस्तकाचें मोल फार आहे. गोराई, मनोरी व उत्तन येथील ख्रिस्ती लोक आज स्वतःस ईस्ट इंडियन म्हणवितात. हें नांव त्यांनीं १८८७ त, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, गोव्याकडील ख्रिस्त्यांहून आपणांस वेगळे ओळखतां यावें म्हणून घेतलें. नांव इंग्रजी असलें तरी घरची भाषा मराठीच आहे, आणि ती जुनी आहे.

मराठ्यांचा अंमल येथें १७७४ पर्यंत राहिला. त्या वर्षाच्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें घेतलें, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांची झाली. फिरंगी सरदार गेले, मराठे अंमलदार गेले, इंग्रजही गेले, गांवकरी राहिले. धारावीच्या किल्ल्याचे मात्र एकदोन पडके अवशेष उरले आहेत.

बेटाचें नांव कां बुजलें, याचें कारण मला राज्यकारभाराच्या विभागणींत दिसतें. मनोरी व गोराई बृहन्मुंबईकडे, उत्तन, डोंगरी व चौक ठाणें जिल्ह्याकडे, असे एकाच बेटाचे दोन तुकडे झाले. दोन जिल्ह्यांत विभागलेल्या भूमीचें एक नांव कोण घेणार ? शिवाय मुंबईची धारावी इतकी गाजली कीं तिच्यापुढें दुसरीचा निभाव लागला नाहीं. तथापि नांव मेलेलें नाहीं. तारोडीस धारावी देवीचें देऊळ आहे. ग्रामदेवता बेटाचें नांव अद्याप सांभाळून आहे. आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बेटावरील जमिनी पर्यटनाच्या मोठ्या योजनेसाठीं जाणार अशी भीति उत्पन्न झाली, तेव्हां गांवकऱ्यांनीं उभारलेल्या मंडळीस नांव दिलें तें ‘धारावी बेट बचाव समिति’ असें. ज्या नांवाची सरकारी नकाशास गरज वाटली नाहीं, तें जमिनीवर संकट येतांच गांवकऱ्यांच्या तोंडीं आपोआप आलें. माझ्या मतें हें प्रमाण कोणत्याही पत्रापेक्षां हलकें नाहीं.

आतां सांप्रतची स्थिति. सहकुटुंब जाणारानें मार्व्याहून तरीनें मनोरीस उतरावें, अगर बोरिवलीकडून गोराईची खाडी ओलांडावी. भाईंदराकडून उत्तनवरून गाडीरस्ताही आहे. पण तरीची मौज लेंकरांस अधिक वाटते. मनोरीचा किनारा शांत. गोराईचा रुंद, घोडागाड्यांचा व गर्दीचा. भरतीओहोटीची वेळ विचारल्याखेरीज पाण्यांत शिरूं नये, हें कोळी मंडळी सांगतात तें ऐकावें. उत्तनकडे बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. त्यांचा वास ज्यास सोसत नाहीं त्यानें डोंगरीच्या चढावर जावें. तेथें बेथलेहेमच्या मातेचें जुनें देऊळ आहे व वाराही चांगला लागतो. गोराईस १९८९ त एस्सेलवर्ल्ड नांवाचें खेळांचें मोठें उद्यान निघालें. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनीं धारावी बेट पाहिलें तें त्याच निमित्तानें. तेथील चक्रें कांहीं वर्षांपूर्वीं थांबलीं.

त्याच परिसरांत विपश्यनेचा जागतिक पगोडा उभा आहे. ब्रह्मदेशांतून ही विद्या परत आणणारे सत्यनारायण गोयंका यांच्या प्रेरणेनें तो झाला, व ८ फेब्रुवारी २००९ रोजीं राष्ट्रपति प्रतिभा पाटील यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. रंगूनच्या श्वेडगॉन स्तूपाचें त्यास वळण आहे. आंत एकही खांब नाहीं. दगडांत दगड गुंतवून घुमट पेलला आहे, व खालीं ८,००० माणसें ध्यानास बसूं शकतात. खाडीच्या पूर्वेस, डोंगराच्या कुशींत कान्हेरीचीं शंभरांहून अधिक लेणीं. शिलालेखांतील तो कण्हगिरि. उत्तरेस सोपारा, जेथील स्तूप भगवानलाल इंद्रजींनीं १८८२ त उकलला. या दोहोंच्या मध्यें, सुमारें हजार वर्षांच्या खंडानंतर, त्याच धर्माची इमारत पुन्हां उभी राहिली. गिरणीच्या चुन्याचा वास अद्याप न गेलेल्या वास्तूस पुराणवस्तुशास्त्रज्ञ सहसा वंदन करीत नाहींत. पण कान्हेरी पाहून त्याच दिवशीं तरीनें इकडे यावें अशी माझी सूचना आहे.

एक मागणें राहिलें. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत संपादिलेल्या पेशवे दफ्तराच्या पंचेचाळीस खंडांत वसई मोहिमेची पुष्कळ पत्रें आलीं आहेत, आणि पिसुर्लेकरांच्या परिश्रमानें फिरंगी बाजूही कळली आहे. परंतु साष्टींतील पागोटीवाल्या घराण्यांतील मोडी रुमाल व बेटावरील ख्रिस्ती घरांतील जुनीं पुस्तकें यांस अजून पुरता हात लागलेला नाहीं. जमिनीचे व्यवहार झपाट्यानें होत आहेत. घर विकलें कीं माळ्यावरचें गांठोडें प्रथम रद्दींत जातें. ज्यांच्या संग्रहीं धारावीचा उल्लेख असलेला कागद असेल, त्यांनीं तेवढी ओळ न उतरतां सबंध कागद, तिथीसह व पाठीवरील शेऱ्यासह, उतरून मंडळाकडे पाठवावा. आणि वाझच्या पुराणाची एखादी प्रत, फाटकी असली तरी, गोराईच्या किंवा उत्तनच्या घरांतून मिळाल्यास तिच्या समासांत पूर्वीच्या वाचकांनीं कांहीं लिहिलें आहे काय, हें अवश्य पाहावें.