कृष्णाकाठचे बिऱ्हाड

सांगलीचा इतिहास लिहिताना पटवर्धन संस्थानिक, श्री गणपती मंदिर, हळदीची पेठ आणि १९४३ चा तुरुंगफोडीचा प्रसंग यांचे स्मरण अटळ असते. परंतु ज्याच्या नावावर वीतभर जागा नव्हती अशा भाडेकरूचा या नगरीच्या घडणीत किती वाटा आहे, याची नोंद सहसा आढळत नाही.

१८०१ मध्ये मिरजेपासून विभक्त होऊन चिंतामणराव आप्पासाहेबांनी सांगलीस राजधानी केली आणि नदीलगतच्या गावभागाभोवती पेठा वाढू लागल्या. व्यापारामागून नोकरदार आला. १९१९ मध्ये विलिंग्डन महाविद्यालय निघाले, १९४७ मध्ये पुढे वालचंद नावाने प्रसिद्धीस आलेले अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, आणि कृष्णा-वारणा खोऱ्यातील शेतकरी कुटुंबांतील मुले शिक्षणासाठी येऊ लागली. ज्यांना जैन बोर्डिंगसारख्या वसतिगृहांचा आधार लाभला ते भाग्यवान. उरलेल्यांनी वाड्यातील दोन खण पाहिले.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि मुंबई राज्याचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा सांगलीकरांच्याही वाट्यास आला. या कायद्याने सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे प्रमाण मानले. भाडेकरूस त्यामुळे अभय मिळाले, यात शंका नाही. मात्र घरपट्टी व मजुरी वाढत असता भाडे तेथेच राहिले, मालकाने दुरुस्तीतून हात काढला आणि वाडे खचू लागले. दोष कोणा एकाचा म्हणावा, असा हा व्यवहार नव्हताच. तरीही वाड्यात एक गोष्ट होती. मालक बहुधा माडीवर राही, आणि पाणी अंगणात शिरले की तळमजल्यावरचे बिऱ्हाड भांड्याकुंड्यांसह माडीवर जाई. वर्षभर भाड्यावरून अबोला धरलेली माणसेही त्या दिवसांत एका चुलीवर जेवत. भाडेचिठ्ठीत हे कोठेही लिहिलेले नसे.

पुढे वाड्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती आल्या. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक ठरले. नव्या सदनिकांत मात्र अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारच रूढ झाला. दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी. त्याने हयगय केल्यास पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतर भाडेकरूने ती करून घ्यावी व वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत खर्च वळता करावा, अशी तरतूद या कायद्यात आहे. समजा, जुन्या खोलीचे मासिक भाडे चाळीस रुपये आहे. वर्षाचे ४८० झाले, त्याचा चौथा हिस्सा १२० रुपये. एवढ्या रकमेत महापुराने भिजलेल्या भिंतीचा गिलावा तर राहोच, गवंड्याची एका दिवसाची मजुरीही भागत नाही.

आणि महापूर तर आलेच. १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची धोकापातळी ४५ फूट मानली जाते. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले. त्यानंतर घर किंवा दुकान भाड्याने घेणारा प्रथम भिंतीवरील पाण्याची रेघ पाहू लागला. त्या रेघेच्या वरचे ते सुरक्षित, असा हिशेब गावाने मनाशी पक्का केला. पेठेतील व्यापाऱ्याने फळ्या त्याच बेताने ठोकल्या, गृहिणीने धान्याचे डबे त्याच उंचीवर ठेवले. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही पुढे गेले. पातळीतील या फरकाने चौदा वर्षांचा हिशेब चुकविला. फळीवर चढविलेले ताके फळीसह भिजले. २०२१ मध्ये पुन्हा पेठांत पाणी आले.

सदनिकांतील कथा निराळी. वाहनतळात पाणी भरले, वीज गेली, लिफ्ट व मोटारी थांबल्या, आणि तिसऱ्या मजल्यावरचा मनुष्य कोरडा राहूनही पिण्याच्या पाण्याविना अडकला. परगावचा मालक दूरध्वनीवर चौकशी करी, एवढेच. चूलजाळ बुडालेल्या भाडेकरूची अडचण तर दुहेरी होती. इमारत मालकाची, पण भिजलेले अंथरूण, पुस्तके, शिलाईयंत्र हे सारे त्याचे; आणि राहत्या जागेचा लेखी पुरावा नसेल, तर आपण येथेच राहत होतो हे पंचनाम्याच्या वेळी पटवून देणेही अवघड. खर्च वाचविण्यासाठी करार टाळण्याची जुनी सवय अशा वेळी फार महागात पडते.

विश्रामबागेकडील उंच भागात भाडे अधिक का, याचे उत्तर त्या पातळीतच आहे. गावभागात आणि पेठांत आजही बिऱ्हाडे आहेत, कारण दुकान जवळ, शाळा जवळ, मंदिर जवळ. जागा दाखविताना हल्ली रेघा दोन दाखवितात, एक २००५ ची व एक २०१९ ची. अनामत रकमेची बोलणी त्यानंतर सुरू होतात.