काँथा : वस्तू, संग्रह आणि शब्द

संस्कृत ‘कन्था’ या शब्दाचे दोन वंशज आज मराठीत आढळतात. पहिला ‘कंथा’, म्हणजे जोगी-बैराग्यांच्या अंगावरील ठिगळांचे वस्त्र. तो पोथीतून आला आणि बव्हंशी पोथीच्याच भाषेत राहिला. घरातील पांघरुणासाठी मराठीने गोधडी, वाकळ हेच शब्द ठेवले. दुसरा ‘कांथा’ अलीकडचा. तो साड्यांच्या व्यापारातून बंगालीमार्गे आला, आणि त्याचा अर्थ पांघरूण नसून टाका असा आहे. (पाणिनीने उशीनर देशातील स्थलनामांच्या संदर्भात सांगितलेली ‘कन्था’ निराळी, तिच्याशी येथे कर्तव्य नाही.) पांघरुणाचा टाका कसा झाला, हे व्युत्पत्तीवरून कळत नाही. त्यासाठी बंगालमधील संग्रहाचा इतिहासच पाहावा लागतो.

बंगाली ‘काँथा’ ही मुळात जीर्ण वस्त्रांची वस्तू होय. धुऊन-धुऊन मऊ झालेली धोतरे व साड्या एकावर एक अंथरावयाच्या आणि साडीच्या काठांतून ओढून काढलेल्या रंगीत सुताने त्या धावदोऱ्याने शिवावयाच्या. मध्यभागी कमळ, कोपऱ्यांना झाडे किंवा कोयऱ्या, उरल्या जागेत हत्ती, रथ, नौका, पालख्या. थंडीत पांघरावयाचा तो ‘लेप’, अंथरावयाची ती ‘सुजनी’, आरसा-फणी गुंडाळावयाची ती ‘आर्शिलता’. ही सारी नावे उपयोगावरून पडलेली आहेत. टाक्यावरून एकही नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. ‘नक्शी काँथा’ हे जोडनाव सर्वत्र रूढ झाले ते जसीमुद्दीन यांच्या १९२९ मधील ‘नक्शी काँथार माठ’ या काव्यामुळे. यातील ‘नक्शी’ म्हणजे आपल्याच ‘नक्षी’चे भावंड.

संग्रहाचे श्रेय प्रथम गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांना द्यावे लागते. सनदी सेवेत असताना त्यांनी बंगालच्या खेड्यांतून काँथा, पट, मातीच्या बाहुल्या जमविल्या. कलकत्त्यानजीक जोका येथे १९६३ मध्ये त्यांचे संग्रहालय झाले. कलकत्ता विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये काँथेवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि चिंध्या जोडून अखंड वस्त्र घडविण्यात एक धार्मिक आशय पाहिला. १९५० मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. त्यांचा संग्रह आज फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे. फाटेपर्यंत वापरावयाची ही वस्तू या दोघांनी जपली नसती तर अभ्यासास फारसे काही उरले नसते. तथापि मधल्या काळात १९४७ ची फाळणी झाली. जेसोर, खुलना, फरीदपूर या जिल्ह्यांचा बहुतेक भाग पूर्व पाकिस्तानात गेला आणि तेथील काँथा सीमेच्या अलीकडे किंवा समुद्रापलीकडे राहिल्या. वस्तू आणि ती शिवणारे घर यांची ताटातूट झाली. संग्रहात बहुधा जिल्हा टिकला. बाईचे नाव टिकले नाही.

म्हणूनच अक्षरे असलेल्या काँथांचे मोल विशेष. गुरुसदय संग्रहालयातील एका प्रसिद्ध काँथेवर मानदासुंदरी या स्त्रीने ती आपल्या पित्यासाठी केल्याचे सुतानेच लिहिले आहे. अशा लेखांतील वर्णरचना, नातेवाचक शब्द, चित्रांखालील नावे ही स्त्रियांच्या लेखनाची अस्सल साधने आहेत. कलासमीक्षकांनी चित्रे बारकाईने वाचली. अक्षरांना मात्र त्यांनी बहुधा एक किनार मानले. हा दोष लहान नव्हे.

बांगलादेशाच्या स्थापनेनंतर काँथा उपजीविकेचे साधन म्हणून पुन्हा उभी राहिली. ‘ब्रॅक’ संस्थेने १९७८ मध्ये सुरू केलेल्या ‘आडंग’ या विक्रीकेंद्राचा त्यात मोठा वाटा आहे. खेड्यातील स्त्रीला मजुरी मिळू लागली, ही गोष्ट कोणत्याही सौंदर्यविचाराहून कमी महत्त्वाची नाही. परंतु आता आराखडा एकाचा आणि हात दुसऱ्याचा अशी विभागणी झाली. थर गेले, जुनेर गेले. उरला तो धावदोरा. नेमका तोच ‘कांथा’ या नावाने टसरच्या साडीवर बसून मराठीत आला. त्या कोऱ्या साडीसाठी सूतही विकतच आणावे लागते.