कॅथलिक ‘लिबरल’ शाळांमध्ये शिक्षकांनाच आधी विद्यार्थी का व्हावं लागतं?

अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांची पटसंख्या १९६० च्या दशकात ५० लाखांच्या वर होती. आज ती २० लाखांच्याही खाली आहे. बंद पडायच्या बेतात आलेल्या काही शाळांनी अशा वेळी एक जुनी वाट धरली, ती म्हणजे अभिजात लिबरल शिक्षणाची. मेरिलँडमधल्या हायट्सव्हिलच्या सेंट जेरोम शाळेने २०१० मध्ये हा बदल केला. पण नवा अभ्यासक्रम आणला, तरी तो शिकवणार कोण?

‘लिबरल’ म्हणजे नेमकं काय?

इथे राजकारणातल्या उदारमतवादाचा संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘लिबर’ म्हणजे स्वतंत्र. स्वतंत्र माणसाला साजेशा त्या लिबरल विद्या. मध्ययुगीन युरोपात त्या सात मानल्या जात. व्याकरण, तर्कशास्त्र आणि वक्तृत्व या तीन विद्यांना ‘ट्रिव्हियम’ म्हणत, तर अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र या चार विद्यांना ‘क्वाड्रिव्हियम’. सत्य एकच असल्याने विज्ञान, साहित्य आणि धर्म वेगवेगळ्या कप्प्यांत शिकवू नयेत, ही या शाळांची भूमिका आहे.

अडचण कुठे येते?

बहुतेक शिक्षक स्वतः या पद्धतीने शिकलेले नसतात. शिक्षणशास्त्राच्या पदवीत पाठ नियोजन, मूल्यमापन, वर्गावरचं नियंत्रण हे सगळं येतं. पण प्लेटो किंवा युक्लिड मुळातून वाचलेला असेलच असं नाही.

मग प्रशिक्षण कसं होतं?

‘इन्स्टिट्यूट फॉर कॅथलिक लिबरल एज्युकेशन’ ही संस्था शिक्षकांसाठी कार्यशाळा आणि परिषदा घेते. डॅलस विद्यापीठात अभिजात शिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. अशा प्रशिक्षणात भाषणांपेक्षा एकत्र वाचन आणि चर्चेवर भर असतो.

प्लेटोचा ‘मेनो’ हा संवाद घ्या. २ फूट बाजूच्या चौरसाचं क्षेत्रफळ दुप्पट करायचं आहे. मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करा. पण मग क्षेत्रफळ ४ वरून थेट १६ वर जातं! सॉक्रेटिस उत्तर सांगत नाही. तो प्रश्न विचारत राहतो आणि शेवटी मुलाला दिसतं की नवा चौरस जुन्याच्या कर्णावर उभा करायचा. शिक्षकांनी हे कोडं स्वतः सोडवलं, की प्रश्न कधी विचारावा आणि कधी गप्प बसावं, हे त्यांना अनुभवातून कळतं.

तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली होती. शरीर मुळात स्वतःच बरं होतं, वैद्य त्याला मदत करतो. तसंच शिकण्याचं आहे.

प्रश्न संपतात का?

नाही. चार दिवसांच्या कार्यशाळेतून आयुष्यभराचं वाचन भरून निघत नाही. शिक्षक शाळा सोडून गेला, तर त्याची तयारीही त्याच्याबरोबर जाते. वाचनाची यादी युरोपापुरतीच राहते, ही टीकाही होते. म्हणूनच वर्षभर शिक्षकांनी एकत्र वाचत राहणं गरजेचं ठरतं, आणि त्यासाठी शाळेला वेळापत्रकातच जागा काढावी लागते.