सर्किटांची मासिकं

शेतकऱ्याच्या आठवणींत इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकांचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण आमच्या शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत रेडिओ उघडणारी, मोटरचा स्टार्टर खोलणारी जी पोरं तयार झाली, त्यातली मला माहीत असलेली काही जण ह्याच मासिकांवर शिकली. त्यांना कॉलेज कुठलं?

ह्या मासिकांची सुरुवात अमेरिकेत झाली. १९०८ साली ह्यूगो गर्न्सबॅक नावाच्या माणसानं 'मॉडर्न इलेक्ट्रिक्स' काढलं. १९५४ मध्ये 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' आलं. कारण साधं होतं. तयार सेट महाग, सुटे भाग स्वस्त. घरी जोडला तर पैसे वाचायचे, वर शिकायला मिळायचं. आपल्याकडं १९६९ साली दिल्लीहून 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' निघालं. १९८३ मध्ये हॉलंडच्या 'एलेक्टर'ची भारतीय आवृत्ती मुंबईहून सुरू झाली. त्या काळात रेडिओ घेणं म्हणजे मोठी गोष्ट. कित्येक वर्षं त्याला पोस्टातून लायसन काढावं लागायचं. गावात एखाद्याच्याच ओट्यावर रेडिओ, आणि कामगार सभा ऐकायला आळी जमायची.

मासिकं सगळी इंग्रजी. आम्ही दहावीपर्यंत शिकलेले, तीही मराठी शाळेत. नवा अंक परवडत नसे. आसनगावला लोकल धरायची, दादरला बदलायची, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जायचं. येताना रद्दीतून जुने अंक आणायचे. मजकूर अर्धामुर्धा कळे, पण सर्किटची आकृती कळे. वाकडीतिकडी रेघ म्हणजे रेझिस्टर, दोन समांतर रेघा म्हणजे कपॅसिटर. रेझिस्टरवरच्या रंगांच्या पट्ट्या पाढ्यासारख्या पाठ केल्या : तपकिरी एक, काळा शून्य, आणि तिसरा पट्टा लाल असला की पुढं दोन शून्यं. तपकिरी-काळा-लाल म्हणजे १००० ओहम. रंगांची ही भाषा दिल्लीत, मुंबईत, हॉलंडात एकच, तशीच आमच्या पडवीतही.

मासिकात सुट्या भागांची यादी असायची. आकृतीत चूक राहिली तर पुढच्या एखाद्या अंकात दुरुस्ती छापायचे. मला ते फार आवडायचं. छापणारा चूक कबूल करतो म्हणजे आपल्यालाही जोडून, बिघडवून, पुन्हा जोडायची परवानगी आहे, असं वाटायचं.

१९७२ पासून बाजारात आलेली ५५५ नावाची आठ पायांची आयसी तर घरातलीच झाली. तिच्यावर बझर, टायमर, चोरघंटी काय वाट्टेल ते होई. आमच्या कामाचं सर्किट म्हणजे पाण्याच्या पातळीचं. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, मोटर कोरडी चालते आणि जळते. तालुक्यात तानसा, भातसा, मोडकसागर. पाणी मुंबईला जातं, आणि आम्ही मे महिन्यात विहिरीत वाकून बघतो. माझ्या एका मित्रानं अंकातली आकृती बघून ट्रान्झिस्टर आणि रिले जोडला. पाणी तारेच्या खाली गेलं की मोटर बंद. तारेची टोकं पाण्यात गंजायची, वर पापुद्रा धरायचा. मग त्यानं टॉर्चच्या संपलेल्या सेलातल्या काळ्या कांड्या काढून तारेला बांधल्या. कांडी कार्बनची, ती गंजत नाही. मोटर पुन्हा भरून घ्यायचा खर्च वाचला. तेव्हा तो खर्च म्हणजे एका भाताच्या खळ्याचा हिशोब बिघडायचा.

मग ही मासिकं ओसरली कशी? गंमत अशी, की निम्मं कारण त्यांच्याच पोटी जन्मलं. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाचा घरी जोडायचा कॉम्प्युटर होता. तो बघूनच बिल गेट्स आणि पॉल ॲलन कामाला लागले. पुढं हौशी पोरं कॉम्प्युटरकडं वळली. त्या मासिकानं १९८२ साली नावात कॉम्प्युटर घातला, तरी १९८५ ला ते बंद पडलं. 'एलेक्टर'ची भारतीय आवृत्तीही पुढं थांबली. 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' अजून निघतं.

दुसरं कारण आम्ही बाजारात पाहिलं. १९९१ नंतर बाहेरचा माल आला. सुट्या भागांच्या किमतीत तयार रेडिओ मिळू लागला. मग जोडणार कोण? भाग तर इतके बारीक झाले की आमच्या जाड बोटांना आणि चाळिशीच्या डोळ्यांना झेपेनात. आता शिकायचं असेल तर मोबाइलवर व्हिडिओ आहेत, मराठीतही आहेत. पोरं बघतात, त्यात वाईट काही नाही.

पण ज्या वस्तूवर पोट आहे, ती उघडता येत नाही. सौर पंपाच्या कंट्रोलरचा डबा सीलबंद येतो, आकृती कुठंच नसते. तो बिघडला की माणूस येईपर्यंत भेंडीचं उभं पीक सुकतं. पूर्वी मोटर बंद पडली तर गावातलंच कुणीतरी पाना घेऊन धावत यायचं. मासिकं गेली त्याचं दुःख मी करत नाही, कागद आज ना उद्या रद्दीत जाणारच. पण डब्याबरोबर आकृती देण्याची रीत गेली, ती मात्र परत यायला हवी. शेतकऱ्याच्या पोराला ती वाचता येते. आम्ही वाचली होतीच.